विश्लेषण : भूकंपाने घडवली, भूकंपानेच पाडली... फिलिपिन्सची ऐतिहासिक चर्च पुन्हा बांधायची तरी कशी?

३० सप्टेंबर २०२५ रोजी रात्री दहाच्या सुमारास फिलिपिन्समधील सेबू बेटाचा उत्तर भाग ६.९ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. बोगो शहराच्या परिसराला सर्वाधिक फटका बसला आणि ७० हून अधिक जणांचा बळी गेला. याच भूकंपात दानबंतायान गावातील सांता रोसा दे लिमा या स्पॅनिश काळातील चर्चचीही पडझड झाली. अशी पडझड या देशाला नवी नाही. मात्र, प्रत्येक भूकंपानंतर तोच वाद नव्याने उभा राहतो. चर्च होते तसेच उभारायचे, की पुढच्या धक्क्यात माणसे दगावणार नाहीत असे बांधायचे? या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे वाटते तितके सोपे नाही.

गावासाठी चर्च इतके महत्त्वाचे का?

फिलिपिन्सवर १५६५ ते १८९८ अशी तीन शतकांहून अधिक काळ स्पेनची सत्ता होती. २०२० च्या जनगणनेनुसार तिथले सुमारे ७९ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत. बहुतेक जुन्या गावांची रचना एकसारखी आहे. मधोमध चौक, त्याच्या एका बाजूला चर्च आणि जवळच गावाचा कारभार पाहणारी कचेरी. समुद्रमार्गे हल्लेखोर आले की घंटा वाजायची आणि गाव चर्चच्या जाड भिंतींआड आसरा घ्यायचे. वादळातही तेच.

या इमारती उभारल्या त्या स्थानिकांच्या सक्तीच्या श्रमांतून. 'पोलो' नावाच्या वेठबिगारीत १६ ते ६० वयोगटातील पुरुषांना वर्षाला ४० दिवस राबावे लागे. १८८४ मध्ये हे दिवस १५ वर आले. त्यामुळे ही चर्च परकीय सत्तेची खूण आहेत, तशीच ती गावकऱ्यांच्या पूर्वजांच्या घामाचीही आहेत. चुन्यात अंड्यांचा पांढरा भाग मिसळला जाई आणि उरलेल्या पिवळ्या बलकातून तिथले गोड पदार्थ जन्माला आले, अशी कथा फिलिपिन्समध्ये आवडीने सांगितली जाते.

'भूकंप-बरोक' म्हणजे काय?

युरोपातील बरोक शैली म्हणजे उंच मनोरे, भरगच्च नक्षी, डोळे दिपवणारा थाट. फिलिपिन्समध्ये ती आली आणि अक्षरशः खाली बसली. इमारतींची उंची कमी झाली, भिंती जाड झाल्या, मनोरे बुटके झाले. या बदललेल्या रूपालाच 'भूकंप-बरोक' म्हणतात. 'युनेस्को'ने १९९३ मध्ये अशा चार चर्चचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

त्यापैकी इलोकोस नॉर्टे प्रांतातील पावाय गावचे चर्च पाहिले की ही शैली लगेच उमगते. १७१० मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चच्या भिंतींना बाहेरून पायऱ्यापायऱ्यांचे २४ अजस्र दगडी टेकू दिले आहेत. अभियांत्रिकीच्या भाषेत त्यांना 'बट्रेस' म्हणतात. भिंत बाहेरच्या बाजूला कलू लागली की टेकू तिला थोपवतो. घंटेचा मनोरा मुख्य इमारतीपासून वेगळा, काही अंतरावर उभा आहे. भूकंपात उंच मनोरा आणि बसकी इमारत वेगवेगळ्या लयीत हलतात. ती एकमेकांना चिकटून असतील तर एकमेकांवर आदळतात. शिवाय मनोरा कोसळलाच, तर तो छतावर येऊ नये हाही फायदा. इलोकोस सुर प्रांतातील टेकडीवरच्या सांता मारिया चर्चचा मनोराही असाच स्वतंत्र आहे.

इलोइलो प्रांतातील मियागाव चर्च १७९७ मध्ये पूर्ण झाले. हल्लेखोरांपासून बचावासाठी ते किल्ल्यासारखे बांधले गेले. त्याच्या दर्शनी भिंतीवर बाळ येशूला खांद्यावर घेतलेले संत ख्रिस्तोफर दिसतात आणि त्यांच्याभोवती चक्क नारळ, पपई आणि पेरूची झाडे कोरलेली आहेत. संत युरोपचे, बाग मात्र कारागिरांच्या परसातली!

चौथे चर्च मनिलाच्या इंट्रामुरोस या तटबंदीतील सॅन अगस्टिन. आधीची बांबू-लाकडाची चर्च आगीत गेल्यावर दगडी इमारत बांधण्यात आली, ती १६०७ मध्ये पूर्ण झाली. १८६३ च्या भूकंपात मनिलाचे कॅथेड्रल कोसळले, पण सॅन अगस्टिन टिकले. १८८० च्या भूकंपात त्याच्या डाव्या मनोऱ्याला तडे गेले आणि तो पुढे उतरवावा लागला. म्हणूनच आज या चर्चला एकच मनोरा आहे. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत इंट्रामुरोसमधील सात चर्चपैकी हे एकच वाचले. नष्ट झालेल्यांमध्ये फ्रान्सिस्कन संघाचे चर्चही होते. वसईत जन्मलेले, पुढे भारताचे पहिले संत ठरलेले गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात मनिलातच या संघात दाखल झाले होते.

भिंती एवढ्या जाड, तरी चर्च पडतात का?

जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज अर्धाच खरा आहे. भूकंपात इमारतीवर येणारे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे भिंत जितकी जड, तितका तिला बसणारा हिसकाही मोठा.

दुसरी अडचण भिंतीच्या पोटात असते. बाहेरून अखंड दगडाची वाटणारी भिंत अनेकदा तीन थरांची असते. आत आणि बाहेर तासलेल्या दगडांचा एकेक थर आणि मधल्या पोकळीत ओबडधोबड दगड, चुना व मातीचा भराव. हे दगडही ठिकाणानुसार बदलतात. विसाया बेटांवर प्रवाळाचा दगड, मनिलाच्या आसपास ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड, तर उत्तरेला विटा. चुन्याचे बांधकाम दाब छान सहन करते, पण ताण आला की उघडते. जमीन आडवी हलू लागली की मधला भराव सैल होऊन खाली बसतो, बाहेरच्या थराला ढकलतो आणि भिंत फुगून फुटते. शतकानुशतके पावसाचे पाणी मुरून भरावातला चुना धुऊन गेला असेल, तर हे आणखी लवकर घडते.

सर्वात आधी पडतो तो बहुधा दर्शनी भिंतीचा वरचा त्रिकोणी भाग. तो छताच्या वर मोकळा उभा असतो, त्याला मागून फारसा आधार नसतो. तो कोसळतो चौकाच्या दिशेने, म्हणजे घाबरलेले लोक जिथे धावत बाहेर येतात नेमके तिथेच.

मग लोखंडाचे चर्च का नाही?

तोही प्रयोग झाला आहे. मनिलातील सॅन सेबास्टियन चर्च १८५९, १८६३ आणि १८८० अशा तीन भूकंपांत उद्ध्वस्त झाले. वैतागलेल्या धर्मगुरूंनी अभियंता हेनारो पालासिओस यांच्याकडून संपूर्ण पोलादी चर्चचा आराखडा करून घेतला. सुटे भाग बेल्जियममध्ये तयार झाले, जहाजांनी मनिलाला आले आणि तिथे जोडले गेले. वजन सुमारे दीड हजार टन. १८९१ मध्ये चर्च खुले झाले. आत पोलादावर असे रंगकाम केले की खांब संगमरवराचे वाटावेत. आयफेल टॉवरवाल्या गुस्ताव्ह आयफेल यांचे नाव या इमारतीशी नेहमी जोडले जाते, पण त्याला भक्कम पुरावा नाही.

भूकंपाने या चर्चला हरवले नाही. गंजाने मात्र घेरले. मनिला उपसागराची खारी हवा, धो धो पाऊस आणि आतून पोकळ खांब. छपरातून झिरपलेले पाणी खांबांत साचते आणि पोलाद आतून कुरतडले जाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, त्यामुळे दुखणे कळते उशिरा. संकटातील वारसास्थळांच्या जागतिक यादीत या चर्चचे नाव १९९८ आणि २०१० मध्ये झळकले.

आधुनिक चर्चनी काय वेगळे केले?

दुसऱ्या महायुद्धानंतर काँक्रीट आले. निग्रोस बेटावरील व्हिक्टोरियास या साखर कारखान्याच्या गावातील चॅपेल अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदाने रचले. पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमातील 'गोलकोंड' ही इमारत त्यांचीच. या चॅपेलमधील, रागावल्यासारखा दिसणारा ख्रिस्त आल्फोन्सो ओसोरिओ यांनी १९५० मध्ये रंगवला. तो पाहून भाविक बिचकले नसते तरच नवल.

खरी झेप १९५५ ची. फिलिपिन्स विद्यापीठाच्या डिलिमन आवारात २७ वर्षांच्या लिआंद्रो लोक्सिन यांनी गोल चर्च उभारले. पातळ काँक्रीटचा घुमट, तो पेलणारे ३२ आधार, बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या आणि वेदी मधोमध. भाविक वेदीच्या चारही बाजूंनी बसतात. जड भिंतच नसल्याने ती पडण्याचा प्रश्न उरत नाही. २००५ मध्ये या चर्चला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. अर्थात, काँक्रीटही अमर नाही. त्यातल्या सळ्यांपर्यंत ओलावा पोहोचला की गंजाची गोष्ट इथेही सुरू होतेच.

भूकंपाशिवाय नुकसान होते का?

होते, आणि त्याची फारशी बातमी होत नाही. जुन्या भिंतींवर मूळचा चुन्याचा गिलावा असे. तो भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देई आणि मऊ दगडाचे पावसापासून रक्षण करी. विसाव्या शतकात काही ठिकाणी त्याऐवजी सिमेंटचा गिलावा थापला गेला. सिमेंट ओलावा कोंडून ठेवते, मग दगड आतून भुसभुशीत होतो. काही ठिकाणी याच्या उलट झाले. 'दगडी लूक' हवा म्हणून गिलावाच खरवडून काढला गेला. गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढल्यापासून उघड्या पडलेल्या जांभ्या दगडाचा वाद सुरू आहे, तो याच जातकुळीचा.

त्यात उत्साही नूतनीकरणाची भर. देणगी मिळाली की चकचकीत फरशी, सोनेरी रंग, वातानुकूलन यंत्रणा. हेतू भक्तीचा असतो, पण जुनी फरशी एकदा उखडली की ती परत येत नाही.

निर्णय कुणाचा, पैसा कुणाचा?

इथे खरा गुंता आहे. चर्चची मालकी धर्मप्रांताकडे. 'राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायदा, २००९' नुसार ५० वर्षांहून जुन्या वास्तूंना संरक्षण मिळू शकते आणि दर्जा मिळालेल्या वास्तूत बदल करायचा तर सरकारी संस्थांची परवानगी व देखरेख लागते. दुसरीकडे, १९८७ ची राज्यघटना कोणत्याही पंथाच्या लाभासाठी सरकारी पैसा वापरण्यास मनाई करते. त्यामुळे सरकार खर्च करते तो 'वारसा' म्हणून, 'प्रार्थनास्थळ' म्हणून नाही. गावकऱ्यांच्या लेखी हा फरक निव्वळ कागदी आहे.

मालकीचा प्रश्न किती हळवा आहे, हे २०२४ मध्ये दिसले. सेबूतील बोलहून गावच्या चर्चमधून अनेक वर्षांपूर्वी गायब झालेले, प्रवचनाच्या व्यासपीठाचे चार लाकडी फलक राष्ट्रीय संग्रहालयाला देणगी म्हणून मिळाले. संग्रहालयाने ही बातमी आनंदाने जाहीर केली आणि सेबूत संताप उसळला. आमचे फलक आम्हाला परत द्या, अशी मागणी धर्मप्रांत आणि प्रांतिक सरकार दोघांनीही केली.

बोहोलने काय केले?

सेबूच्या शेजारच्या बोहोल बेटावर १५ ऑक्टोबर २०१३ रोजी सकाळी ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. २०० हून अधिक जण दगावले. ईदची सुट्टी असल्याने अनेक इमारतींत त्या वेळी वर्दळ नव्हती. लून गावचे भव्य चर्च पूर्णपणे जमीनदोस्त झाले. मारिबोहोकचे चर्चही कोसळले, लोबोकचे अर्धेमुर्धे उरले. सेबू शहरातील सांतो निन्यो बॅसिलिकेचा घंटेचा मनोराही ढासळला.

काही गावांत ढिगारा उपसून नवे, सुटसुटीत चर्च बांधावे असा सूर निघाला. वारसातज्ज्ञांनी त्याला विरोध केला. अखेर ढिगाऱ्यातील दगड निवडून, वर्गवारी करून ठेवण्यात आले आणि सरकारी वारसा संस्थांच्या देखरेखीखाली पुनर्बांधणी सुरू झाली. लोबोक आणि लूनची चर्च २०२१ मध्ये पुन्हा उघडली. म्हणजे जवळपास आठ वर्षे. तोवर प्रार्थना तात्पुरत्या शेडखाली.

तांत्रिक पर्याय मोजकेच आहेत. भिंतीच्या पोकळीत चुन्याचे पातळ मिश्रण सोडून भराव घट्ट करणे, समोरासमोरच्या भिंती पोलादी दांड्यांनी बांधणे, दर्शनी भिंत छताशी जखडणे किंवा आत नवा सांगाडा उभारून जुना दगड फक्त आवरण म्हणून लावणे. शेवटचा पर्याय सर्वात सुरक्षित वाटतो, पण मग भार पेलणारी इमारत नवी असते आणि जुना दगड केवळ दिखाव्यापुरता उरतो. याउलट, कमकुवत जुन्या भिंतीवर जड काँक्रीटचे छत ठेवणे हा सर्वात वाईट मार्ग, कारण त्याने भूकंपाचे बल उलट वाढते. पहिले तीन उपाय पडझडीआधीही करता येतात आणि पुनर्बांधणीपेक्षा कितीतरी कमी खर्चात होतात. मनिला कॅथेड्रल २०१२ मध्ये अशाच बळकटीकरणासाठी बंद ठेवण्यात आले आणि २०१४ मध्ये पुन्हा उघडले. पण ती राजधानी. सेबूच्या उत्तर टोकावरील गावांकडे तेवढे देणगीदार नाहीत आणि तिथे घरेही अजून पुरती उभी राहायची आहेत.