रक्ताचा ब्रेक सोडताना

हिमोफिलिया असलेल्या मुलाचा गुडघा सुजला की घरचे बर्फ लावतात आणि फॅक्टरसाठी रुग्णालय गाठतात. पुंडलिकनगरहून घाटी रुग्णालय काही फार लांब नाही. पण शीर सापडून इंजेक्शन मिळेपर्यंत सांध्यात रक्त साचतच राहते. त्वचेखाली घरीच टोचता येणाऱ्या नव्या औषधांची ओढ त्यामुळेच आहे.

'कॉन्सिझुमॅब' हे त्यांपैकी एक. हिमोफिलियात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. नेहमीच्या उपचारात तोच बाहेरून देतात. कॉन्सिझुमॅब तसे करत नाही. रक्त नको तिथे गोठू नये म्हणून शरीरात 'टीएफपीआय' नावाचे प्रथिन ब्रेकचे काम करते. सक्रिय झालेल्या दहाव्या घटकाला ते पकडून ठेवते. कॉन्सिझुमॅब हे प्रतिपिंड नेमके त्या पकडीच्या जागी चिकटते. दहावा घटक मोकळा होतो, थ्रॉम्बिन वाढते आणि गुठळी धरते.

येथे एक गोंधळ टाळायला हवा. वारंवार फॅक्टर घेणाऱ्या काही रुग्णांच्या शरीरात त्या फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. डॉक्टर त्यांना 'इनहिबिटर' म्हणतात. मग दिलेला फॅक्टर वाया जातो. अशा रुग्णांना फॅक्टरवर न विसंबणारे हे औषध मोठा आधार आहे.

पण टीएफपीआयचा ब्रेक शरीराने उगीच ठेवलेला नाही. मार्च २०२०मध्ये तीन रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याने कॉन्सिझुमॅबच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच वर्षी त्या पुन्हा सुरू झाल्या, त्या डोस बदलूनच. आता सुमारे चार आठवड्यांनी औषधाची रक्तातील पातळी मोजून पुढचा डोस ठरवतात. मध्येच रक्तस्राव झाला, तर एरवीची इतर औषधेही जपून, कमी मात्रेत द्यावी लागतात.

म्हणून केवळ 'औषध आणा' ही मागणी अपुरी आहे. इनहिबिटरची तपासणी, पातळी मोजण्यासाठी नमुना पाठवण्याची पक्की सोय आणि रात्री-अपरात्री हे औषध ओळखणारा डॉक्टर, या तीन गोष्टी मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत आधी हव्यात. २०१६च्या कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्व मानले आहे. त्या मान्यतेला अर्थ यायचा असेल, तर औषधासोबत ही व्यवस्थाही रुग्णाच्या दारापर्यंत पोचली पाहिजे.