गजकर्णाचे खरे पाठीराखे

पावसाळा आला की जांघेत, काखेत, कमरेभोवती तांबूस वलये उमटू लागतात. कडा उठावदार व खवलेदार, मधला भाग निवळलेला. हेच गजकर्ण किंवा नायटा. हा रक्तदोष आहे ही समजूत सर्वस्वी चुकीची होय. ही बुरशी आहे. त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन खात ती चोहोबाजूंनी बाहेर सरकते, मागे शरीर तिला हुसकून लावते. म्हणून वलय पडते.

जो रोग काही आठवड्यांच्या योग्य उपचाराने जावा, तो आज महिनोन्महिने ठाण मांडून बसतो, याला जबाबदार कोण? आमच्या मते पहिला दोष दुकानात मागताच हाती पडणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमाचा आहे. क्लोबेटासोल वा बीटामेथासोन यांनी खाज तत्काळ शमते आणि रोगी कृतार्थ होतो. परंतु ही औषधे बुरशीस मारीत नाहीत; तिच्याशी लढणाऱ्या शरीराचेच हात बांधतात. मलम थांबताच वलय अधिक पसरून परतते, कातडी पातळ होते, तिच्यावर कायमच्या रेघा उठतात. त्यातच २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळालेली बुरशी भारतात फोफावली आहे. टर्बिनाफीन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. पण कायदा कागदावर आणि मलम गल्ल्यावर, अशी स्थिती असेल तर त्या कायद्याचा उपयोग काय?

शिवाय प्रत्येक वलय म्हणजे गजकर्ण नव्हे. खवले नसलेले, टणक कडेचे वलय ‘ग्रॅन्युलोमा ॲन्युलेअर’ असू शकते. ते बुरशीचे नाही, संसर्गजन्यही नाही. आणि चट्ट्यावर स्पर्श कळेनासा झाला, तर कुष्ठरोगाची तपासणी विनाविलंब झालीच पाहिजे. खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशीचा पत्ता लागतो. मग अंदाजाने मलम चोळण्याचा हट्ट कशासाठी?

औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीविना ही मलमे विकू नयेत आणि अधिकाऱ्यांनी डोळेझाक सोडावी, ही आमची मागणी आहे. नागरिकांस विनंती एवढीच, की संकोच सोडून डॉक्टरांकडे जावे, घरात ज्यांना लागण झाली असेल त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, टॉवेल व कपडे वेगळे ठेवावेत, आणि खाज थांबली म्हणून औषध अर्ध्यावर टाकू नये. लपविलेली लाज आणि शेजाऱ्याने सुचविलेले मलम, या दोन पाठीराख्यांच्या बळावरच गजकर्ण माजले आहे!