बेरीज जुळली, रकाना अडला

व्यापारी घरात हिशेब दोन प्रकारे पाहिला जातो. दिवसाच्या गल्ल्याची बेरीज जुळली की दुकान बंद करता येते. परंतु कोणाकडे किती येणे राहिले, हे खतावणी उघडल्यावाचून कळत नाही. बेरीज उत्तम असूनही एखादेच खाते थकलेले असते आणि पुढे तेच व्यवहार अडवते. अहिल्यानगरच्या आडते बाजारात, डाळ मंडईत किंवा कापड बाजारात वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. मात्र त्याच घरातील मुलगा परदेशी स्थायिक होण्यासाठी इंग्रजीची परीक्षा देऊन येतो, तेव्हा सारे घर पाहते ती केवळ बेरीज.

एक नमुना पाहण्यासारखा आहे. वय २९, अविवाहित, पदव्युत्तर शिक्षण पूर्ण, नोकरीचा अनुभव तीन वर्षांहून अधिक. पुण्याला जाऊन त्याने आयईएलटीएस परीक्षा दिली. श्रवणात ८, वाचनात ७.५, लेखनात ६.५ आणि संभाषणात ७ असे गुण आले. चारांची सरासरी ७.२५ होते आणि परीक्षेच्या नियमानुसार ती पुढच्या अर्ध्या गुणाकडे नेली जाते. म्हणून निकालपत्रावर एकूण गुण ७.५ असे छापले जातात. नऊपैकी साडेसात! घरात पेढे वाटले जातात. पुढे अर्जाची निवड होत नाही, तेव्हा वडील विचारतात, "साडेसात आले ना? मग अडले कुठे?"

अडते ते रकान्यात. कुशल कामगारांसाठी कॅनडाने जानेवारी २०१५ मध्ये ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ ही पद्धत सुरू केली. तिच्यात एकूण गुणांना स्थान नाही. चार कौशल्यांचे चार गुण स्वतंत्रपणे घेतले जातात आणि प्रत्येकाचे रूपांतर कॅनडाच्या भाषामापनात, म्हणजे सीएलबी पातळीत होते. नवव्या पातळीसाठी श्रवणात ८ आणि वाचन, लेखन, संभाषण या तिन्हींत ७ गुण लागतात. वरील उमेदवार तीन कौशल्यांत नवव्या पातळीवर आहे. लेखनात मात्र तो आठव्या पातळीवर थांबला आहे.

आता या अर्ध्या गुणाची किंमत. अविवाहित उमेदवाराला नवव्या पातळीला प्रत्येक कौशल्यासाठी ३१ गुण मिळतात, आठव्या पातळीला २३. येथे ८ गुण गेले. एवढ्यावर भागले असते तर हळहळ वाटली नसती. परंतु शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे वेगळे गुण असतात. चारही कौशल्ये नवव्या पातळीवर असतील तर पदव्युत्तर शिक्षणाला तेथे ५० गुण मिळतात. एकही कौशल्य खाली राहिले तर २५. परदेशातील तीन वर्षांच्या अनुभवालाही हाच नियम लागू आहे, ५० किंवा २५. म्हणजे ८, २५ आणि २५ मिळून ५८ गुणांची तूट एका रकान्यातील अर्ध्या गुणामुळे येते.

ही तूट केवढी, हे वयाच्या गुणांशी ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते. याच पद्धतीत २९ व्या वर्षी वयाचे ११० गुण मिळतात आणि ३९ व्या वर्षी ५५. लेखनातील अर्धा गुण कमी पडणे म्हणजे गुणपत्रकावर दहा वर्षांनी म्हातारे होणे. संभाषणात पूर्ण ९ गुण मिळवूनही ही भरपाई होत नाही, कारण नवव्या पातळीच्या वर गेल्यास प्रत्येक कौशल्यामागे अवघे ३ गुण वाढतात. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्याच्या थकबाकीत वळती होत नाही. मार्च २०२५ पासून नोकरीच्या हमीपत्राचे जादा गुणही बंद झाल्याने भाषेच्या गुणांचे वजन आणखी वाढले आहे.

लेखनातच गुण का कमी पडतात? वाचन आणि श्रवणाची उत्तरे बरोबर किंवा चूक अशी तपासली जातात. लेखनात परीक्षकाचा निर्णय असतो. मागितले ते सर्व लिहिले का, मांडणी सुसंगत आहे का, शब्द नेमके आहेत का आणि व्याकरण शुद्ध व विविध आहे का, अशा चार कसोट्या लावल्या जातात. स्थलांतरासाठीच्या ‘जनरल ट्रेनिंग’ परीक्षेत एक पत्र किमान १५० शब्दांत आणि एक निबंध किमान २५० शब्दांत, दोन्ही मिळून एका तासात लिहायचे असतात. निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन असते. शिकवणीत पाठ केलेली भारदस्त वाक्ये येथे कामास येत नाहीत. पत्रात तीन मुद्दे मागितलेले असतात. त्यांतील एक सुटला तर सुंदर भाषेचाही उपयोग होत नाही. जुन्या पेढीवर आजोबा पोस्टकार्डावर मालाचा भाव, पाठवणी आणि येणे या तिन्ही बाबींना नेमके उत्तर लिहीत. परीक्षकाला इंग्रजीतून तीच शिस्त हवी असते.

परदेशाच्या दारात भाषेची अट घालण्याची रीत आजची नाही, आणि तिच्यामागील हेतू नेहमीच निर्मळ नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ साली कायदा केला, की येणाऱ्याने युरोपीय लिपीत व भाषेत अर्ज लिहून द्यावा. कायद्यात हिंदी व्यापाऱ्यांचे नाव नव्हते. रोख मात्र त्यांच्यावरच होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने व्यापार परवान्यासाठी हिशेबाच्या वह्या इंग्रजीत ठेवण्याची अट घातली. गुजरातीत चोख वह्या लिहिणारा व्यापारी एका फटक्यात अपात्र ठरू शकत होता. या कायद्यांविरुद्ध गांधीजींनी अर्ज-विनंत्यांचा लढा दिला. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली ५० शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा आणली. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवी. नको असलेल्या माणसाला त्याला न येणारी भाषा दिली की काम झाले. ती परीक्षा १९५८ साली रद्द झाली.

आजच्या परीक्षा त्या कपटापासून दूर आहेत. नियम छापील आहेत, कसोट्या सर्वांना सारख्या आहेत. तरीही मापन म्हटले की चूक आलीच. २०१७ साली ऑस्ट्रेलियात राहणारी एक आयरिश पशुवैद्य, जिची मातृभाषाच इंग्रजी, संगणकाने तपासलेल्या परीक्षेच्या संभाषण विभागात कमी पडली. ७९ गुण हवे होते, तिला ७४ मिळाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने यंत्राचा दोष मान्य केला नाही; गुणांची पातळीच उंच ठेवलेली आहे, असे तिचे म्हणणे होते. २०२५ च्या अखेरीस आयईएलटीएसने स्वतःच जाहीर केले, की ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळात तांत्रिक अडचणीमुळे थोड्या उमेदवारांना चुकीचे निकाल गेले होते. ९९ टक्क्यांहून अधिक निकालांना बाधा पोहोचली नाही, हेही संस्थेने सांगितले. उरलेल्यांत ज्याचे नाव असेल, त्याच्यासाठी मात्र प्रश्न टक्क्यांचा राहत नाही.

म्हणून निकाल हाती आल्यावर रडण्याआधी आणि पेढे आणण्याआधी काही गोष्टी शांतपणे पाहाव्यात. एक, परीक्षा योग्य प्रकारची होती ना? कॅनडाच्या या अर्जाला ‘अ‍ॅकॅडमिक’ परीक्षा चालत नाही, ‘जनरल ट्रेनिंग’च लागते. दोन, एका कौशल्यात अनपेक्षित घसरण असेल तर परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते. गुण बदलल्यास तिचे शुल्क परत मिळते. तीन, संगणकावर परीक्षा दिलेल्यांना एकच कौशल्य ६० दिवसांत पुन्हा देण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. मात्र ज्या देशाकडे अर्ज करायचा, तो असा निकाल मान्य करतो का, हे पैसे भरण्यापूर्वी त्या सरकारच्या अधिकृत नियमांत पाहावे. चार, निकालाची मुदत परीक्षेच्या दिवसापासून दोन वर्षे असते. नोंदणीच्या दिवशी ती चालू असणे पुरत नाही. निमंत्रण आल्यावर ६० दिवसांत अर्ज दाखल करायचा असतो आणि त्या दिवशीही ती चालू असावी लागते. हुंडीची मुदत पाहणाऱ्या घराण्यांना अधिक सांगायला नको. पाच, गुण अर्जात भरताना श्रवणाचा आकडा वाचनाच्या रकान्यात जाणार नाही, याची दोन माणसांनी खातरजमा करावी.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा वेळी ‘हमखास गुण’ देणारा मध्यस्थ दारात उभा राहतो. २०२२ साली अमेरिका-कॅनडा सीमेवर पकडलेल्या गुजरातमधील सहा तरुणांना न्यायालयात इंग्रजीतून उत्तरे देता आली नाहीत. त्यांच्याकडे निकाल मात्र साडेसहा ते सात गुणांचे होते. प्रकरण मेहसाणा पोलिसांच्या तपासापर्यंत गेले. अर्जात खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास कॅनडात पाच वर्षे प्रवेशबंदी होते. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील पाच वर्षे कोणत्याही दलालाला परत करता येत नाहीत. कायद्याची भीती नसती तरी, ज्या घरात सत्य आणि अचौर्य ही अणुव्रते लहानपणी शिकवली जातात, त्या घराने हा सौदा करूच नये.

पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा देणाऱ्या आजी आणि नातवंडे या जिल्ह्याने एकाच बाकावर बसलेली पाहिली आहेत. गुण कमी पडले म्हणून तेथे कोणाची श्रद्धा कमी मानली गेली नाही; पुढच्या वर्षी पुन्हा बसावे, एवढेच सांगितले गेले. इंग्रजीच्या परीक्षेबाबतही घरातल्या वडीलधाऱ्यांनी तेच सांगावे. साडेसहा हा एका सकाळी, एका तासात लिहिलेल्या दोन कागदांचा भाव आहे. मुलाचा भाव त्यात लिहिलेला नाही. निकालपत्र रकान्यारकान्याने वाचावे, थकलेले खाते ओळखावे, दोन-तीन महिने तेवढ्याच खात्यावर मेहनत घ्यावी आणि पुन्हा बसावे. त्या काळात जेवणाच्या ताटावर गुणांचा विषय निघू नये, एवढी काळजी घराने घेतली तरी अर्धा गुण भरून निघण्यास मोठी मदत होईल.