पळून नव्हे, ठरवून

‘पोरगी पळून गेली.’ हे वाक्य कानावर पडलं की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही. तिचं वय काय, ती कमावते का, कुणाबरोबर राहायचं हे तिनं किती विचार करून ठरवलं, याची चौकशी होत नाही. दावं तोडून गुरं पळतात, कोठडीतून कैदी पळतो. सज्ञान बाई आपल्या पायांनी घराबाहेर पडली तरी तिच्यासाठी आपण हेच क्रियापद वापरतो, कारण ती कुणाच्या तरी ताब्यातली होती हे आपण आधीच मान्य केलेलं असतं.

इंग्रजीतल्या ‘एलोप’ या शब्दाचा मूळ अर्थही हाच. आज मात्र तिकडे त्याचं काय झालं आहे पाहा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बायरन बे नावाचं लहानसं गाव आहे. फळीवर स्वार होऊन लाटा कापणाऱ्यांचं, म्हणजे सर्फिंगवाल्यांचं. तिथे ‘एलोपमेंट’ चक्क पॅकेजमध्ये मिळतं. लग्न लावणारी अधिकृत व्यक्ती, फोटोग्राफर, थोडी फुलं, दोन साक्षीदार आणि समोर समुद्र. वऱ्हाड नाही, मानपान नाही, रुसणारे मामा नाहीत.

हा बाजार आहे आणि तो पैसेवाल्यांसाठी आहे, हे उघड आहे. पण त्यामागचा कायदा वाचण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९६१ च्या विवाह कायद्यानुसार लग्नाआधी निदान एक महिना लेखी सूचना द्यावी लागते. म्हणजे महिनाभर थांबणं तिकडेही आहेच. फरक इतकाच की ती सूचना लग्न लावणाऱ्या व्यक्तीकडे राहते. आक्षेप मागवण्यासाठी ती फलकावर लावली जात नाही. शिवाय २०२४ पासून त्या व्यक्तीनं लग्नाआधी वधूला आणि वराला वेगवेगळं, प्रत्यक्ष भेटायचं आहे. कशासाठी? संमती खरी आहे की कुणाच्या दबावाखालची, हे पाहण्यासाठी.

आता आपला १९५४ चा विशेष विवाह कायदा घ्या. दोघांपैकी एकाचं तरी ज्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नोटीस वहीत नोंदली जाते आणि ती वही कुणालाही फुकट पाहता येते. नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावली जाते. तीस दिवसांत कुणीही आक्षेप घेऊ शकतो. आणि खरी मेख पुढे आहे. दोघांपैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तिथल्या अधिकाऱ्याकडेही प्रत जाते आणि तिथेही लागते.

म्हणजे मालवण किंवा वेंगुर्ल्याची मुलगी पुण्यात नोकरी करते, स्वतःच्या पगारावर राहते, तिथे नोटीस देते; आणि तिचा कागद सिंधुदुर्गात जाऊन पोचतो. लहान गावाला वर्तमानपत्राची गरज नसते. सकाळी एकानं वाचलेलं नाव संध्याकाळपर्यंत मासळीबाजारात पोचतं. त्याच किनाऱ्यावर शहरातली जोडपी लग्नाआधीचे फोटो काढायला येतात आणि गाव कौतुकानं बघतं. गावच्या मुलीनं आपला जोडीदार निवडला की त्याच वाळूवर तिच्या भावाचे मित्र पाळत ठेवतात.

परदेशात गेल्यानंही हे टळतंच असं नाही. सिडनीतल्या मराठी मुलीनं आपल्या वकिलातीत, १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरवलं, तर त्या कायद्यातही नोटीस प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे, आणि ती भारतातही. म्हणजे समुद्र ओलांडला तरी कायदा तिच्या घरच्यांना कळवायला मागे येतोच.

या नोटिशीचं समर्थन आपल्या बैठकांमध्येही ऐकू येतं. ‘मुलगा आधीच लग्न झालेला निघाला तर? मुलीच्या भल्यासाठीच आहे ते.’ हा मुद्दा तपासून पाहू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्नाआधी नोटीस लागत नाही. मंडप घालून, आई-वडिलांनी ठरवलेल्या मुलाशी लग्न लागतं तेव्हा तो आधीच विवाहित आहे का, हे विचारणारा कागद कुठल्याही फलकावर लागत नाही. फसवणूक तिथे होत नाही का? कुटुंब सल्ला केंद्रात बसणाऱ्या कुणालाही विचारा. फसवणूक रोखणं हाच हेतू असता तर ही अट सगळ्यांनाच लागू झाली असती. ती सर्वांत जास्त जाचते आंतरधर्मीय जोडप्यांना, कारण धर्म न बदलता लग्न करण्याचा त्यांच्यापुढचा हाच रस्ता आहे. धर्म न बदलता लग्न करा असं सांगायचं आणि त्याच रस्त्यावर पहारा बसवायचा, असा हा न्याय आहे.

आक्षेपाची कारणं कायद्यानं ठरवून दिली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. ‘आम्हाला पसंत नाही’ हे त्यात बसत नाही. पण घरचे आक्षेप नोंदवायला कार्यालयात येतातच कुठे? ते मुलीचा मोबाईल काढून घेतात, आजी आजारी आहे म्हणून बोलावून घेतात, पंधरा दिवसांत दुसरीकडे उजवतात. कायद्याचे तीस दिवस त्यांच्या कामी येतात.

अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये ही नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याचे निर्देश दिले. आणि महाराष्ट्रानं काय केलं? डिसेंबर २०२२ मध्ये आधी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय, मग टीका झाल्यावर फक्त आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. अशा लग्नांची, मुलींची आणि त्यांच्या माहेरची माहिती गोळा करायला. निवारा मागितला तर नोंदवही मिळाली!

मैत्रिणींनो, कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसता येणार नाही. ‘ताई, आम्ही काय करू?’ असं विचारत येणाऱ्या मुलीला ‘आई-बाबांना विश्वासात घे’ एवढंच सांगणं म्हणजे तिला परत पाठवणं आहे. मध्यस्थी तिला हवी असेल तरच करावी. नको असेल तर तिला नीट नियोजन करायला मदत करावी. शाळा सोडल्याचा दाखला आणि इतर मूळ कागद तिच्या हाती हवेत. बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं. आपण स्वेच्छेनं घर सोडलं, असा सही-तारखेचा अर्ज पोलीस ठाण्यात आणि अधीक्षकांकडे पोचवून पोच घ्यावी, म्हणजे अपहरणाची तक्रार झाली तर उत्तर तयार असतं. विशेष विवाहाला तीन साक्षीदार लागतात, ते आधीच ठरलेले असावेत. दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायद्याची वाट मोकळी आहे. पण तिथे विधी प्रत्यक्ष व्हावा लागतो. नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मुलगी अठराच्या आतली असेल तर तिचं लग्न लावून देणं हे आपलं काम नाही. तिला डांबून दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं जाणार नाही, हे पाहणं मात्र आहे.

आणि तिच्याशी आणखी एक बोलणं करायला हवं. प्रेमविवाह म्हणजे सुटका नव्हे. माहेरचं दार बंद झालेल्या बाईवर हात उगारणं नवऱ्याला सोपं जातं. म्हणून पासबुक त्याच्या खिशात जायला नको, नोकरी सुटायला नको, आणि संघटनेचं दार तिला लग्नानंतरही उघडं हवं. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वडिलोपार्जित मालमत्तेतला तिचा वाटा जात नाही, हेही तिला त्याच बैठकीत सांगावं. हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे.

मागण्या साध्या आहेत. नोटीस फलकावर लावणं आणि दुसऱ्या जिल्ह्यात पाठवणं बंद करा. कागदपत्रांची तपासणी अधिकाऱ्यानं स्वतः करावी. प्रत्येक जिल्ह्यात निवारा द्या आणि त्याचा पत्ता गुप्त ठेवा. संमती विचारायचीच असेल तर मुलीला एकटीला विचारा. आणि ठरवून केलेल्या लग्नातल्या मुलीलाही विचारा. त्या दिवशी मंडपातून किती जणींना घरी परत जावंसं वाटेल, तेही कळेल.

तोवर आपल्या अहवालांतून, नोंदींतून आणि बोलण्यातून ‘पळून गेली’ हे शब्द काढून टाकूया. ‘तिनं ठरवलं आणि ती गेली’ असं लिहूया.