स्वेटर पिशवीत असू द्या!

थंडी पडली की शाळांच्या सहली कळसूबाईला निघतात. पहाटे पायथ्याशी फार गारठा असतो. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन उतारांवरून खाली साचते, त्यामुळे कधी कधी पायथा माथ्याहूनही गार असतो. मग गुरुजी बजावतात, ‘स्वेटर काढायचा नाही!’ हा सल्ला आम्हांला मुळीच पटत नाही.

चढताना तुमचे स्नायू भरपूर उष्णता निर्माण करतात. घामाने सदरा भिजतो. १६४६ मीटर उंच माथ्यावर तुम्ही विसावलात, की वारा तो घाम वाळवू लागतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते, आणि ती बव्हंशी तुमच्याच अंगातून जाते! हुडहुडी भरते ती यामुळे. दोष मात्र उंचीला. तेव्हा स्वेटर पिशवीत ठेवूनच चढा. सुरुवातीला थोडे कुडकुडाल, एवढेच. वर पोचताच कोरडा सदरा घाला आणि त्यावर स्वेटर चढवा.

पटत नसेल तर इंदिरानगरच्या मुलांना पांडवलेण्यांची टेकडी जवळच आहे. दोन तापमापक न्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, दोन्ही वाऱ्यात धरा आणि पाच मिनिटांनी किती अंशांचा फरक पडला ते गुरुजींना दाखवा.