सातबाऱ्यावर तुमचं नाव कोणत्या रकान्यात आहे?



मृगाच्या तोंडावर आपल्या घरांतून एकच धांदल असते. बियाणं आलं का, खत मिळालं का, सोसायटीचं कर्ज मंजूर झालं का. या गडबडीत एक कागद घरात हटकून बाहेर निघतो, तो म्हणजे सातबारा. पेटीतून काढून कारभाऱ्यांच्या हाती तो आपणच देतो. पण तो कधी उलगडून वाचला आहे का? आज तुम्हांला तेवढंच विचारायचं आहे.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्तानं एका बागायती गावात दोन दिवस राहिले होते. ज्यांच्याकडं उतरले त्या बाईंचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. पदरात दोन मुलं. चार एकर रान ती एकटी सांभाळते. कांद्याचं रोप टाकण्यापासून काढणी करून चाळीत भरण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं. रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन पाणी द्यायला तीच जाते. गारपिटीनं तिचा कांदा गेला, तेव्हा पंचनामा झाला, नुकसानभरपाईही मंजूर झाली. पण पैसे जमा झाले थोरल्या दिरांच्या खात्यावर. सासऱ्यांच्या पश्चात सगळी जमीन त्यांच्याच नावावर लागलेली, आणि नावापुढं तीन अक्षरं: ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर.

दीर भला माणूस. त्यांनी पैसे आणून तिच्या हातावर ठेवले, पै न् पै. तरी बाई मला म्हणाली, “ताई, भाऊजींनी दिले म्हणून मिळाले. उद्या नाही दिले तर मी कुणाला विचारू? माझ्याच कांद्याचे पैसे मी हात पुढं करून घेतले.”

तिचं हे बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. आपल्यापैकी कितीजणींची गोष्ट याहून वेगळी आहे? २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणं आपल्या देशात शंभर वहितीदारांमागं स्त्रिया चौदाच्या आसपास होत्या. आणि खुरपणीला, लावणीला, वेचणीला रानात उभं राहून पाहा, शंभरात बायका किती दिसतात ते!

सातबारा म्हणजे गावच्या दप्तरातले दोन नमुने एकाखाली एक. नमुना सात हा हक्काचा: जमीन कुणाची, बोजा कुणाचा. नमुना बारा हा पिकाचा: कोणत्या हंगामात काय पेरलं, किती क्षेत्रात. म्हणजे पाहा, तुमची मेहनत दर वर्षी बारामध्ये लिहिली जाते, आणि तुमचं नाव मात्र सातमध्ये नसतं. पीककर्ज, पीकविमा, ठिबकाचं अनुदान, सोसायटीचं सभासदत्व आणि त्याबरोबर येणारं मत, या सगळ्यांचं दार सातमधल्या नावानं उघडतं.

ही मागणी काही आजची नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेनं शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. गावोगावच्या बाया भाकरी बांधून तिथं आल्या होत्या. पुढं शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. घरच्या लक्ष्मीचं ऋण नवऱ्यानं आपल्या हातानं फेडावं, जमिनीचा तुकडा तिच्या नावानं करून द्यावा, अशी ती हाक होती. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावी शंभरावर घरांनी ते करून दाखवलं. मग १९९२ मध्ये शासनानंही परिपत्रक काढलं: नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज दिला, तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. सामाईक नाव लागलं की तिच्या सहीवाचून सगळी जमीन परस्पर विकली जात नाही. दारूपायी किंवा कर्जापायी रान गेलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या सहीचं मोल सांगायला नको.

मालक हयात असतील तर हा रस्ता राजीखुशीचा आहे. भांडून नाही, बसून बोलायचं. पण मालक गेले असतील, तर तिथं कुणाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस ठरवले आहेत. वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांना द्यायची असते. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं अर्जासोबत द्यावीत, अर्ज दिल्याची पोच घ्यावी. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तीन महिने उलटून गेले म्हणून हक्क बुडत नाही, तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून बसून राहू नका.

आणखी एक गोष्ट नीट पाहा. जुन्या सातबाऱ्यांवर विधवांची, लेकीबाळींची नावं कित्येकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलेली असतात. नाव दिसतं म्हणून आपण समाधान मानतो. पण आपण वारस आहोत, तर आपली जागा कब्जेदारांच्या रकान्यात आहे. नाव तिथं नसेल तर कोणत्या फेरफारानं कुठं लागलं, तो फेरफार काढून पाहावा आणि दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा.

आता त्या बाईचं पुढं काय झालं ते ऐका. तिनं धीर करून अर्ज केला. तेव्हा कळलं की सासऱ्यांचे सगळेच वारस लिहावे लागतात: दीर, तिचे मालक आणि दोन नणंदा. सासूबाई आधीच वारलेल्या. दीर म्हणाले, “त्या दोघींचं हक्कसोडपत्र करून घेऊ, मग तुझं नाव लावायला मी मोकळा.” गावात तशीच रीत. साडीचोळी करायची, गोडाचं जेवण घालायचं आणि सही घ्यायची.

बाई त्या रात्री झोपली नाही. मला म्हणाली, “मी माझं नाव मागायला निघाले, आणि पहिलं काम काय करायचं, तर वन्संचं पुसायचं?”

भगिनींनो, इथं आपली खरी परीक्षा आहे. सासरी आपण सून म्हणून हक्क मागतो, आणि त्याच घरच्या लेकीनं मागितला तर ‘माहेर तुटेल’ म्हणतो. कायद्यानं मात्र लेकीला मागं ठेवलेलं नाही. आपल्या महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो सगळ्या देशाला लागू झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानंच आहे, त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत.

बाईनं दोन्ही नणंदांना निरोप धाडला. दिरांसमोर, जावेसमोर सगळे एका ठिकाणी बसले. तिनं कागद सगळ्यांना वाचून दाखवला आणि म्हणाली, “वन्सं, सही करा किंवा करू नका, पण कशावर करता ते समजून करा.” थोरलीचं सासरी बरं चाललं होतं. तिनं आपखुशीनं हिस्सा सोडला आणि तसं पत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवून दिलं. धाकटीच्या संसाराची ओढाताण होती. तिनं नाव ठेवलं. दीर आठ दिवस घुश्शात होते. नंतर तेही निवळले, कारण धाकटीनं आपला वाटा वहिनीलाच कसायला दिला आणि रान घरातच राहिलं. या हंगामात बाई स्वतःच्या नावानं सोसायटीची सभासद झाली आहे.

प्रत्येक घरी असं सुरळीत होईल, असं मी म्हणत नाही. कुठं हरकत येईल, कुठं अबोला धरला जाईल. प्रकरण वाकड्यात गेलं तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं जा. स्त्रियांना तिथं वकील विनामूल्य मिळतो. कोऱ्या कागदावर, न वाचता, घाईघाईनं सही मात्र कुणी कितीही जवळचं सांगो, करू नका. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागं फिरवणं फार अवघड असतं.

तर या आठवड्यात एक काम करा. रात्रीची जेवणं झाली की पेटीतला सातबारा काढा. शाळेत जाणाऱ्या लेकीला किंवा नातीला तो मोठ्यानं वाचायला सांगा. कारभाऱ्यांनाही शेजारी बसवा. नावं ऐका, रकाने विचारा. घरात राबणारे किती आणि कागदावर किती, याचा हिशेब तिथंच सगळ्यांच्या ध्यानात येईल. पुढचं बोलणं मग आपोआप निघेल.