संभाषण व पत्र

नोकरीनिमित्त परदेशीं गेलेल्या मुलाचा आवाज ऐकण्यांत केवढें समाधान असतें, हें नगर जिल्ह्यांतील पुष्कळ घरांस ठाऊक आहे. इ. स. २००८ मध्यें गूगलनें जीमेलला जोडावयाचें एक लहानसें प्लगइन काढलें. दोघांनीं तें आपापल्या संगणकावर बसविलें, कीं पत्रें वाचतां वाचतां तेथूनच एकमेकांशीं बोलतां व एकमेकांस पाहतांही येऊं लागलें. आज तर ही सोय निराळ्या प्लगइनवांचूनही मिळते. तिचें आम्ही मनापासून स्वागत करितों.

परंतु बोलणें सोपें झालें म्हणून लिहिणें सुटूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमच्याच नगरच्या किल्ल्यांत १९४२ पासून बंदिवासांत असतां मौलाना आझादांनीं एका स्नेह्यास पत्रें लिहिलीं. तीं धाडण्याची मुभा नव्हती. तरी १९४६ सालीं तीं ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें प्रसिद्ध झालीं व अद्यापि वाचलीं जातात. तीं लिहिलीं नसतीं तर आज आपल्या हातीं काय राहिलें असतें?

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, दूरच्या आप्तांशीं अवश्य बोला. पण बोलणें संपतांच तेथेंच चार ओळी लिहून पाठवा. पालकांनींही तसेंच करावें. त्या ओळी घरच्या आजी-आजोबांना दुसऱ्या दिवशीं पुनः वाचून दाखवितां येतील.